नाथा भोईरची पहिली फेरी

नाथा भोईरची गोष्ट सांगायची तर आधी डेमलरची सांगावी लागते, आणि मी डेमलरचं नाव काढलं की आमची सरोज उठून भांडी घासायला जाते. तिला ही गोष्ट पाठ आहे. तुम्हाला नाही, तेव्हा बसा.

मी प्रभाकर साळवी. ठाण्याला चेंदणीच्या रस्त्यावर माझं गॅरेज होतं. त्याआधी मुंबईत एका गोऱ्यांच्या वर्कशॉपात फिटर होतो, तिथे बड्या बड्या लोकांच्या मोटारी हाताखालून गेलेल्या. एकोणीसशे एक्कावन्न साली कुठल्याशा संस्थानाचा मोटारखाना विकायला निघाला. राज्यं विलीन झालेली, राजे मुंबईला फ्लॅटात राहायला आलेले, तिथे मोटारींचा तांडा ठेवणार कुठे? चांगल्या होत्या त्या लोकांनी पटापट उचलल्या. उरली एक तेवीस सालची डेमलर. तिला कोणी हात लावेना, म्हणून मी लावला. सरोज म्हणाली, "राजाने टाकलेली वस्तू आपण का उचलायची?" मी म्हटलं, तुला त्यातलं कळायचं नाही. नवऱ्याने असं म्हणायचं असतं, म्हणून म्हटलं.

आता डेमलर म्हणजे काय ते ऐका. लोकांना वाटतं, मोठी गाडी म्हणजे रोल्स. अरे, रोल्स आणि रॉइस या दोघांची एकमेकांशी ओळख व्हायच्या आधी इंग्लंडचा युवराज डेमलर घेऊन मोकळा झालेला. नाव जर्मन माणसाचं. त्याच्या इंजिनाचे हक्क इंग्रजांनी मिळवले, अठराशे शहाण्णवला कंपनी काढली आणि कॉव्हेंट्री नावाच्या गावात एका रिकाम्या कापडगिरणीत कारखाना थाटला. पुढे अर्धं शतक इंग्लंडच्या राजवाड्यात मानाची गाडी हीच. आणि त्यांच्या राजाने घेतली म्हटल्यावर आमचे राजे मागे राहतात होय? तिची खूण म्हणजे रेडिएटरच्या माथ्यावरच्या पन्हाळी. लांबून बघितलं तरी माणूस ओळखायचा, डेमलर आली.

दुसरी खूण म्हणजे आवाज नाही. त्या काळच्या तिच्या इंजिनात टकटक करणाऱ्या झडपा नसत, सिलिंडरच्या आत नळकांडी तेलात वरखाली सरकायची. इंजिन चालू ठेवून बोनेटवर कपबशी ठेवा, बशी वाजायची नाही. त्याच्या बदल्यात ती ढोसून तेल प्यायची आणि मागून निळा धूर सोडायची. मला त्याचं काही वाटलं नाही. तेल पिणारी गाडी मी सांभाळू शकतो. मला रडवलं ते लाकडाने.

त्याचं असं, की कंपनी बहुतेक वेळा नुसता सांगाडा आणि इंजिन द्यायची. वरचं अंग बांधायचे वेगळे कारागीर, जे पिढ्यान्‌पिढ्या घोड्यांच्या बग्ग्या बांधत आलेले. आत लाकडाची चौकट, वर पत्रा. माझ्या गाडीचा पत्रा ठीक होता, इंजिन ठीक होतं, लाकूड पार कुजलेलं. पहिल्यांदा दार उघडलं तर दार हातात आलं आणि चपलेवर भुसा पडला. मुंबईहून बॉडीचे दोन सुतार आणले. त्यांनी गाडी बघितली, चहा प्यायला, "सेठ, इसको जलाओ" म्हणाले आणि गेले. माझं डोकं असं फिरलं की कपही त्यांच्यामागे फेकणार होतो, पण सरोजचे कप होते.

तेव्हा चेंदणीतला एक कोळी म्हणाला, कोलशेतच्या नाथाला बोलवा.

नाथा भोईर कोलशेतच्या खाडीवर होड्या बांधायचा. बाप तेच, आजा तेच. चाळिशीचा, काटकुळा, कानावर पेन्सिल, आणि त्या कानाने दुसऱ्याचं काही ऐकायचं नाही असा पण केलेला. पण त्याच्या धंद्याचे दिवस भरत आलेले. वाळू, विटा, गवत, सगळा माल आधी खाडीतून जायचा, तो आता लॉऱ्यांवर चढला. नवी होडी कोणी सांगेना. बायको रंगूबाई मिठागरात जायची, तिच्यावर घर चालायचं. तिने नाथाला साफ सांगितलेलं, येत्या मोसमात तूही मिठागरात यायचं. नाथाचं म्हणणं मला एकदाच कळलं, तेही त्याने न विचारता सांगितलं म्हणून. "मिठात गेलू त हात मरंल," तो म्हणाला. "मेलेल्या हातानं मंग वाकस धरवत नाय." आणि तो तासण्याचा वाकस त्याने असा उचलला, की तेवढ्यावर मी पुढचं बोलणं टाकलं.

गाडीभोवती तो दोन-तीनदा फिरला, बोटाच्या पेराने ठोकून बघितलं, आत डोकं घातलं आणि म्हणाला, "ही त उलटी होरी हाय." त्यांच्या बोलीत होडीला होरी. "बरगड्या सडल्यान. नव्या घालू."

"जमेल?"

"पन पयल्या फेरीला मी बसनार."

मला वाटलं, बिचाऱ्याला मोटारीत बसायची हौस असेल. तसं नव्हतं. तो त्याच्या घरचा रिवाज होता. होडी पाण्यात गेली की पहिल्या फेरीला बांधणाऱ्याने आत बसायचं. दुसऱ्याला पाठवून आपण काठावर उभं राहायचं नाही. गळली तर तोही बुडेल, म्हणून तो नीट बांधेल. एकदा एक होडी खाडीच्या मध्यावर भरली आणि नाथा पोहत परत आला. तेव्हापासून प्रत्येक पहिल्या फेरीला रंगूबाई काठावर उभी राहायची, आणि होडी परत टेकेपर्यंत तोंडात पाण्याचा थेंब घ्यायची नाही. आधी मला हे सगळं माहीत नव्हतं. मी म्हटलं, बस की बाबा, माझं काय जातंय.

काम मात्र त्याने बघत राहावं असं केलं. कुजलेला एकेक तुकडा काढून जमिनीवर मांडला, त्याच्यावरून नवा तासला. वाकवायचं लाकूड ओल्या गोणपाटात गुंडाळून शेकायचा आणि दोराने ओढून वाकवायचा. गाडीच्या पुढच्या अंगाला तो नाळ म्हणायचा, होडीच्या टोकाला म्हणतात तसं. मी बोनेट म्हणालो की माझ्याकडे कीव आल्यासारखा बघायचा. सागवान पुरलं नाही, तर दारांच्या चौकटी ऐनाच्या लाकडाच्या केल्या. दिवाळीत सुरू केलेलं काम, संक्रांत गेली तेव्हा गाडी उभी राहिली. दार लावलं की नुसतं 'थप्‌'. आतला वारा बाहेर नाही, बाहेरचा आत नाही.

त्याच सुमारास त्र्यंबकराव मेहेंदळे गॅरेजात आले. डोंबिवलीचे, उंच, गोरे, मोजकं बोलणारे. आंबिवलीच्या बाजूला एक नवा कारखाना उभा राहत होता, त्याच्या मोटारखात्याचे ते साहेब. कल्याण स्टेशनवरून कामगार न्यायला बसगाड्या करायच्या होत्या, सांगाडे आलेले, वर लाकडी बॉडी बांधणारा माणूस हवा होता. त्यांनी डेमलरचं दार चार वेळा उघडलं, चार वेळा लावलं.

"कोणी केलं?"

मी नाथाला पुढे केला. त्र्यंबकरावांनी त्याला नखशिखान्त बघितलं आणि म्हणाले, "वैशाखात आमच्या उत्तराचं लग्न आहे. मुलाकडचे नौपाड्याचे. वरातीला ही गाडी द्या. डोंबिवली ते ठाणे, माणसं बसवून नीट गेली तर आमच्या बसगाड्या हेच बांधतील."

झालं. बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर. गाडी नीट गेली तर नाथा सुतार राहणार, नाही गेली तर मिठागर. नाथा एवढंच म्हणाला, "मंग तीच पयली फेरी." मी हसलो. मला काय माहीत तो खरंच येऊन बसणार आहे.

लग्नाच्या दिवशी मी पहाटे गाडी घेऊन निघालो, तर हा गॅरेजच्या दारात. पांढरं धोतर, डोक्यावर लाल टोपी, कमरेला फडक्यात लाकूड कोरायची पटाशी बांधलेली. मी म्हटलं, "अरे, वरात आहे ती. नवरानवरीची गाडी. त्यात तू कुठे?" तो म्हणाला, "नाय बसलू त गारी नाय जायाची." म्हटलं ट्रायलला तर तू बसलेलास माझ्याबरोबर. म्हणे ती रिकामी होरी, ती फेरी धरत नाहीत, माणसं बसली की फेरी. अशा माणसाशी वाद घालण्यापेक्षा भिंतीशी घालावा, भिंत निदान गप्प तरी राहते. घेतला पुढे बसवून. डोंबिवलीत कुठेतरी उतरवू म्हटलं.

मुहूर्त सकाळचा होता. अक्षता पडल्या, पंगती उठल्या, आणि तोवर डेमलर मांडवाबाहेर वैशाखाच्या उन्हात तापत उभी. बाकीचं वऱ्हाड रेल्वेने पुढे गेलं. गाडीत बसायला आले नवरानवरी आणि विहीणबाई, म्हणजे मुलाची आई. अंगाने भरलेल्या, नाकात नथ, हातात मोत्यांचा पंखा. मी ऐटीत मागचं दार उघडलं.

आतून असा वास आला म्हणता, की मला क्षणभर वाटलं मी भाऊच्या धक्क्यावर उभा आहे.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. होडीचं लाकूड पाण्यात कुजू नये म्हणून त्याला माशाचं तेल चोपडतात. नाथाने डेमलरची एकूण एक बरगडी आतून त्याच तेलाने न्हाऊ घातलेली. थंडीत त्याचा वास आला नाही, आणि माझं गॅरेज चेंदणीत, शेजारी जाळी आणि सुकट. माझ्या नाकाला वेगळं काय कळणार? इंग्लंडच्या राजाची गाडी, आत तीन पिढ्यांचं शुद्ध शाकाहारी वऱ्हाड, आणि घमघमाट बोंबलांचा.

"अगंबाई," विहीणबाई पदर नाकाला लावत म्हणाल्या, "आत काही मेलंय का?"

"विलायती गाडी आहे," मी म्हटलं, "विलायतेचा वास असतो."

त्र्यंबकराव माझ्याकडे बघत होते. कोणीतरी पळत जाऊन मोगऱ्याचे गजरे आणले, अत्तर शिंपडलं, मग मोगरा, अत्तर आणि बोंबील असा तिन्हींचा मिळून वास यायला लागला. पुढच्या सीटवर तोवर मिठाईच्या टोपल्या आणि रुखवताची समई भरलेली. मी नाथाला म्हटलं, आता तू गुपचूप स्टेशनवर जा. नाथा मागे चढला, आत घडीच्या दोन छोट्या बैठका असतात त्यातली एक उलगडली आणि विहीणबाईंच्या समोर गुडघ्याला गुडघा लावून बसला. त्या किंचाळणारच होत्या, पण उत्तरा पटकन म्हणाली, "बसू द्या ना. यांनीच बांधलीय गाडी." नवी नवरी पहिल्यांदाच काही मागतेय, तर सासूला नाही म्हणता येईना. नवरदेवाने सगळा वेळ रुमालात तोंड घातलेलं, हसत होता की गुदमरत होता, देव जाणे.

शीळ, मुंब्रा गेलं. गाडी लोण्यातून सुरी जावी तशी चाललेली. कळव्याच्या अलीकडे रस्ता खाजणाला लागून खाली उतरायचा, आणि उधाणाला तिथे खाडीचं पाणी चढायचं. त्या दिवशी पौर्णिमेचं उधाण. लग्नाचा मुहूर्त बघताना ग्रह बघितले, भरती कोणी बघितली नव्हती. मी म्हटलं, गुडघाभर पाणी आहे, जाईल. मध्यावर गेली आणि इंजिन बसलं. इतक्या शांत गाडीचं इंजिन बंद पडलं हेही लगेच कळत नाही. धुराचे निळे बुडबुडे यायचे थांबले तेव्हा कळलं.

पाणी पायदान चढून दाराला लागलं. विहीणबाईंनी नाकावरचा पदर काढला आणि दोन्ही हातांनी सीट धरली. पण आत पाणी येईना. शालूचा काठ कोरडा, गालिचा कोरडा. नाथाने दारांच्या कडांना होडीच्या फटीत भरतात तसा राळेत भिजवलेला कापूस ठासलेला.

"अहो," विहीणबाई नाथाला म्हणाल्या, पहिल्यांदाच, "बुडणार तर नाही ना?"

"बुरली त मी पन हाय ना आत," नाथा म्हणाला.

एवढ्यावर त्या बाई शांत झाल्या. मी आयुष्यात पुष्कळ लोकांना पुष्कळ धीर दिले, असा लागू पडलेला एकही नाही. भरती ओसरेपर्यंत तासभर आम्ही तसेच. मिठाईची एक टोपली फोडली. विहीणबाईंनी नाथाला मुलं किती, शेती आहे का, सगळं विचारून घेतलं. पाणी उतरल्यावर खाजणातल्या माणसांनी ढकललं, मी प्लग पुसले, गाडी सुरू झाली, आणि आम्ही वाजतगाजत नौपाड्याला पोचलो. दारात माप मांडलेलं, बायका ओवाळायला उभ्या. मी उतरलो, दार उघडायला गेलो.

दार उघडेना.

दुसऱ्या बाजूचं बघितलं. तेही नाही. माझं पुढचं दार अर्धं असल्यामुळे मी उतरू शकलो, पण मागची दोन्ही दारं ऐनाची आणि कापसाची, तासभर खारं पाणी पिऊन टम्म फुगलेली. होडीच्या फळ्या पाण्यात फुगल्या की फटी मिटतात आणि होडी पक्की होते. होडीला दार नसतं, हे नाथाच्या घराण्यात कोणाला लक्षात ठेवायची वेळच आलेली नव्हती.

मी लाथ मारली. चार जणांनी ओढलं. आत उकाडा, माशाचं तेल आणि विहीणबाई. पाण्याला भिऊन चढवलेल्या काचेतून नाथा माझ्याकडे बघत होता, त्याचा चेहरा राखेसारखा झालेला. "सुकलं की उघरंल," तो म्हणाला. "कधी?" म्हटलं. मग त्याने कमरेचं फडकं सोडलं, पटाशी काढली आणि दाराच्या जोडावर लावली. महिनाभर घासून जुळवलेला जोड होता तो. तरी पटाशी त्याने मागे घेतली नाही. हे दार फोडलं की बसगाड्या गेल्या, हे त्यालाही कळत होतं आणि मलाही. मला त्याचा भयंकर राग आलेला आणि त्याच वेळी कीवही.

उत्तराने त्याच्या मनगटावर हात ठेवला. "सुकलं की उघडेल म्हणालात ना? मग फोडता कशाला? खिडकी आहे की."

आणि काच खाली करून ती बाहेर आली. नऊवारीचा काष्टा उगीच नसतो. मुंडावळ्या सावरत आधी डोकं, मग खांदे, मग एक पाय, आणि उडी मारून थेट मापाच्या पुढ्यात. आधी सनईवाला हसला, मग सगळी आळी. नवरदेव मागून निघाला, त्याचा फेटा आतच राहिला. उरल्या विहीणबाई. दोन स्टुलं आणली, बाहेरून तिघींनी हात धरले. आतून नाथा संकोचून मागे सरकलेला. शेवटी त्याच म्हणाल्या, "अरे, बघतोस काय? लाव हात मागून." आणि बाई खिडकीतून सासू म्हणून घरात आल्या.

दुसऱ्या दिवशी त्र्यंबकराव गॅरेजात हजर. उत्तराने निरोप धाडून सगळं कळवलेलं. नाथा कोपऱ्यात उकिडवा बसलेला, कानावर पेन्सिल नाही. साहेबांनी दार ओढून बघितलं. अजून घट्ट.

"काल फोडायला निघाला होतात म्हणे," ते म्हणाले.

"व्हय."

"आत कशाला बसला होतात? बाहेर असता तर अंगावर आलं नसतं."

नाथाने रिवाज सांगितला. त्र्यंबकरावांनी दारावर हात फिरवला. मग म्हणाले, "बसगाड्यांना माशाचं तेल नको. कापूस नको. दारं मला भर पावसात उघडणारी लागतील. आणि पहिल्या फेरीला तुम्ही आत बसायचं. कबूल असेल तर सोमवारी या."

नाथाने मान हलवली आणि तोंड फिरवून डोळे पुसले. मीही पुसले, धुळीचं निमित्त काढून.

डेमलरचं दार त्यानंतर काही दिवसांनी, दुपारी मी जेवत असताना, आपलं आपण उघडलं. 'टक्‌' असा हलका आवाज आला आणि दार झुललं. गाडी पुढे पुष्कळ वर्षं वरातींना गेली, वास मात्र जन्मभर राहिला. मी लोकांना विलायतेचाच सांगायचो.

पहिली बस तयार झाली तेव्हा मी मुद्दाम कल्याणला गेलेलो. स्टेशनबाहेर कामगार रांग लावून उभे, नवी निळी बस, दाराशेजारच्या सीटवर इस्त्रीचा सदरा घालून नाथा. बस सुटणार तेवढ्यात रंगूबाई आली, कोलशेतहून पहाटे निघालेली, ठेवणीतलं लुगडं नेसून. मला वाटलं, नेहमीसारखी उभी राहून बघेल. ती पायरी चढून वर गेली.

"तू कशाला आलीस?" नाथा म्हणाला. "हितं पानी नाय, काय नाय. ही काय बुरत नाय."

"मना ठाव हाय," रंगूबाई म्हणाली. "लगीन झाल्यापासून काठाव उभी हाय मी. सरक तिकरं."

नाथा खिडकीकडे सरकला.